बंदुकीचा धक्का : खांदा आणि कान

मागच्या हंगामातली गोष्ट. डोंगरकड्याच्या आमच्या दवाखान्यात केळीचे एक वयस्क बागायतदार उजवा हात डाव्या हाताने धरून आले. सदरा काढला तर खांद्यापासून दंडापर्यंत काळानिळा डाग. "डॉक्टरसाहेब, बंदुकीनं लाथ घातली," म्हणाले. वडिलांच्या वेळची, परवान्याची बारा बोअरची दुनळी. रात्री बागेत रानडुकरे शिरली, ती हुसकावायला आवाज करावा म्हणून बंदूक उचलली. घाईत बोट दोन्ही चापांवर गेले आणि दोन्ही नळ्या एकदम सुटल्या.

दोन बार म्हणजे दुप्पट मार, असे आपण समजतो. प्रत्यक्षात छरे ज्या रेट्याने पुढे जातात, त्याच रेट्याने बंदूक मागे येते. दोन बार एकदम सुटले की ती दुप्पट वेगाने येते, आणि वेग दुप्पट झाला की माराचा जोर चौपट होतो. बंदूक हलकी असेल तर वेग आणखी वाढतो. म्हणून शिकारीच्या काळातल्या मोठ्या दुनळी रायफली मुद्दाम वजनदार करीत. हत्ती-गव्यांसाठी वापरत त्या ४७० बोअरच्या रायफलीची गोळी सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळ्यांची. रायफल पावणेपाच किलोच्या आसपास. तरीही तिचा धक्का पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या चौपट-पाचपट बसे. जिम कॉर्बेट अशीच एक दुनळी, ४५०/४०० ची, वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार संपली. पण धक्का सोसण्याची त्या लोकांची रीत आजही पीकरक्षणाची बंदूक बाळगणाऱ्याला आणि भरतीतल्या जवानाला उपयोगी आहे.

दस्ता गळपट्टीच्या हाडावर नको, दंडावर तर मुळीच नको. हात पुढे केला की हाडाखाली, छातीच्या स्नायूत जो खोलगा पडतो, तिथे तो घट्ट टेकवावा. धक्क्याच्या भीतीने पुष्कळजण बंदूक बोटभर दूर धरतात. मग ती मोकळी धावत येऊन हातोड्यासारखी आदळते. आमच्या बागायतदारांचे तेच झाले होते. गाल दस्त्याला टेकलेला, डावा पाय पुढे, गुडघे सैल, अंग किंचित पुढे झुकलेले. धक्का आला की अंगाने मागे जावे, ताठ राहून झुंजू नये. मोठ्या रायफली उभ्यानेच चालवीत ते याचसाठी. पालथे पडलेल्या माणसाचे अंग मागे सरकत नाही, सगळा मार खांद्याला बसतो. दुनळीत एका वेळी एकाच चापावर बोट. खिशात पेन, चष्मा नको.

मार लागलाच तर पहिले दोन दिवस थंड पाण्याची पट्टी ठेवा. चोळणे, गरम शेक, झोंबणारे मलम नको; त्याने रक्त आणखी साकळते. हात वर जात नसेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा गळपट्टीचे हाड दाबले की कळ येत असेल तर एक्स-रे काढा.

खरी काळजी मला त्यांच्या कानाची वाटली. सूनबाई सहज बोलून गेल्या, "मामंजींचा रेडिओ गल्लीभर ऐकू येतो." बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि एवढ्या आवाजाचा एकच बारही कानाच्या आतल्या नाजूक पेशी मारू शकतो. त्या पुन्हा उगवत नाहीत. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून बहुधा तो आधी जातो. आधी बारीक आवाज हरवतात : पाखरांची किलबिल, बोलण्यातले स आणि श. माणसाला वाटते, लोकच पुटपुटतात.

"कापूस कोंबतो की मी," ते म्हणाले. कापसाने फारसे काही अडत नाही. कानात बसणारे फोमचे बोळे आणि वर कानटोपासारखे जाड कर्णरक्षक, दोन्ही वापरावेत. बारानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा दडा बसला तर आठवडा वाट पाहू नका. दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठा, सुरुवातीच्या दिवसांत औषधाचा थोडाफार उपयोग होऊ शकतो. यांच्या खांद्याचा डाग तीन आठवड्यांत गेला, डाव्या कानातली शिट्टी मात्र अजून आहे. आणि बॅटरी धरून शेजारी उभ्या राहणाऱ्या सालगड्याच्या कानालाही तोच मार बसतो, तेव्हा घरात बोळ्यांचे दोन जोड ठेवा.