प्रीप्रेगचे जीर्णन

इपॉक्सी रेझीन व हार्डनर यांचे मिश्रण आधीच मुरवलेल्या कार्बन तंतूंच्या पट्टीला किंवा कापडाला प्रीप्रेग म्हणतात. साठवणुकीच्या काळात त्यातील रेझीनमध्ये संथपणे होणारा रासायनिक बदल म्हणजे प्रीप्रेगचे जीर्णन होय. या बदलाचा कार्बन तंतूंवर परिणाम होत नाही.

== कारण ==
रेझीन आणि हार्डनर एकत्र असल्याने त्यांच्यातील अभिक्रिया पूर्णपणे थांबत नाही. थंडीत ती केवळ मंदावते. म्हणून प्रीप्रेग हवाबंद पिशवीत सुमारे −१८° से. तापमानाला ठेवतात. शीतगृहाबाहेर गेलेल्या वेळेची बेरीज नोंदवली जाते, कारण पुन्हा गोठवल्याने झालेली अभिक्रिया उलटत नाही.

== पक्वनावरील परिणाम ==
उष्णता देऊन रेझीन कायमचे कठीण करण्याच्या क्रियेस पक्वन किंवा क्युअरिंग म्हणतात. ताजे रेझीन तापताच पातळ होते, थरांमध्ये पसरते आणि अडकलेली हवा बाहेर पडू देते. जीर्ण रेझीन कमी पातळ होते व लवकर घट्ट होते. परिणामी थरांमध्ये पोकळ्या राहतात आणि थर एकमेकांपासून सुटण्याचा धोका वाढतो. पृष्ठभागाचा चिकटपणा कमी झाल्याने थर साच्यावर नीट बसवणेही कठीण होते. तयार भाग मात्र वरून निर्दोष दिसू शकतो.

== मापन ==
पक्वनात बाहेर पडणारी उष्णता कॅलरीमापकाने मोजतात. उदाहरणार्थ, ताज्या नमुन्यातून प्रतिग्रॅम ४०० जूल आणि साठवलेल्या नमुन्यातून ३६० जूल उष्णता मिळाल्यास, सुमारे १० टक्के अभिक्रिया साठवणुकीतच झाली असे मानतात. रेझीन घट्ट होण्यास लागणारा वेळ आणि पक्व नमुन्याचे थरांतर्गत कर्तन-बलही तपासतात.

== हाताळणी ==
गोठवलेली पिशवी कारखान्याच्या तापमानाला आल्यावरच उघडतात; अन्यथा हवेतील बाष्प थंड प्रीप्रेगवर साचते आणि पक्वनात त्याच्या वाफेमुळे पोकळ्या होतात. मुदत संपलेला माल पुनर्चाचणीशिवाय वापरत नाहीत.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==
नागपूरच्या मिहान प्रकल्पातील टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानाच्या तळफरशीसाठी कार्बन तंतू संमिश्राच्या तुळया बनवल्या आहेत. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५° से.पर्यंत जाते. अशा हवामानात प्रीप्रेग वापरायचे असल्यास शीतवाहतूक, अखंड वीजपुरवठा आणि वेळेची काटेकोर नोंद यांना विशेष महत्त्व येते.