मातुश्रींचा छापखाना

घरांतील वडीलधाऱ्या माणसांसाठीं एखादी वस्तु घेतांना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतों : किंमत किती, आणि टिकेल किती. घरगुती प्रिंटरच्या बाबतींत हे दोन्ही प्रश्न अपुरे पडतात, असें आम्हांस पदरचे पैसे खर्चून कळलें. ज्यांच्या घरीं ऐंशीच्या पुढील आई, वडील, आत्या किंवा काकू आहेत, अशा वाचकांस तो अनुभव उपयोगीं पडावा म्हणून येथें सांगतों.

आमचें बिऱ्हाड नोकरीनिमित्त दौंडास झालें आणि निवृत्तीनंतरहि तेथेंच राहिलें. मातुश्री शिरुरास, म्हणजे त्यांच्या भाषेंत घोडनदीस, आमच्या धाकट्या बंधूंच्या कुटुंबांत जुन्या घरीं असतात. वय ८६. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदु काढून झाले. परंतु नेत्रपटलाचा मधला भाग क्षीण झाल्यामुळें बारीक अक्षर त्यांस दिसत नाहीं. मोबाइलवर अक्षर मोठें करतां येतें हें खरें; पण मोठें केलें कीं ओळ पडद्याबाहेर जाते, आणि ती पुन्हां आणावी तों मागची हरवते. परदेशीं असलेल्या आमच्या पुतणीचें आठवड्याचें पत्र याच मोबाइलवर येतें. तें मोठ्या अक्षरांत कागदावर मिळालें, तर मातुश्री चार वेळां वाचतात व उशीखालीं ठेवतात.

पूर्वीं हें काम बाजारांतील झेरॉक्सच्या दुकानीं होत असे. पत्र दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवावयाचें आणि बंधूंनीं येतांना कागद घेऊन यावयाचें. एके दिवशीं मातुश्रींच्या रक्ततपासणीचा कागद आणि नातीचें खासगी पत्र, दोन्ही त्या फळीवर चार गिऱ्हाइकांसमोर उघडीं पडलेलीं बंधूंनीं पाहिलीं व घरीं येऊन सांगितलें. तेव्हांपासून मातुश्रींनीं पत्र छापून आणावयास सांगणें सोडलें. "कशाला उगीच, वाचून दाखवलें तरी मला कळतें," असें म्हणूं लागल्या. त्या "कशाला उगीच" म्हणतात तेव्हां त्यांस ती गोष्ट फार हवी असते, हें आम्ही साठ वर्षें पाहत आलों आहों.

तेव्हां आम्हीं दौंडच्या बाजारांतून सर्वांत स्वस्त असा रंगीत प्रिंटर घेतला, आषाढांत शिरुरास नेऊन बसविला आणि धन्यता मानली. दिवाळीच्या सुमारास अक्षरांतून पांढऱ्या रेघा येऊं लागल्या. पुढें तर निम्मीं अक्षरें शिरोरेखेवांचून छापलीं जाऊं लागलीं. बंधूंनीं सफाईची कळ दाबली. सफाईस शाईच लागते हें तेव्हां कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. तीन वेळां सफाई झाली आणि उरलेली शाई एकहि पत्र न छापतां संपली. नवें कार्ट्रिज आणलें. माघांत त्याचीहि तीच गत झाली. यंत्राच्या किंमतीच्या निम्म्याएवढा खर्च नुसत्या कार्ट्रिजांवर झाला, आणि छापलेलीं पानें जेमतेम ९०. आयुष्यभर मुलांस खरेदीविक्रीचीं गणितें घातलीं, त्या मास्तराची ही परीक्षा !

दोष यंत्राचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. शाईच्या प्रिंटरांत शाई पातळ असते आणि केसाहूनहि बारीक छिद्रांतून तिचे थेंब कागदावर उडविले जातात. रोज दहा पानें छापणाऱ्या घरीं तीं छिद्रें वाहतीं राहतात. मातुश्री एका आठवड्यांत चार पानें छापतील आणि पुढें महिनाभर पुण्यास धाकट्या लेकीकडे जातील. तेवढ्यांत छिद्रांच्या तोंडाशीं शाई वाळून बसते. म्हणून आमचा पहिला प्रश्न चुकला. प्रिंटर छापतो कसा, याच्याआधीं तो महिनाभर स्वस्थ बसला तर काय होईल, हें विचारावयास हवें होतें.

हल्लीं बाटलींतून शाई ओतण्याच्या टाकीचे प्रिंटर बरेच खपतात. २०१० सालीं एप्सन कंपनीनें ते प्रथम इंडोनेशियांत आणले. त्यांत एका पानाचा खर्च फारच थोडा येतो आणि शाळकरी मुलांच्या घरीं, जेथें आठवड्यास रंगीत प्रकल्प निघतात, तेथें आम्ही तोच घ्या म्हणूं. परंतु शाई स्वस्त झाली तरी छिद्रें तींच राहतात.

दुसरी जात लेझर प्रिंटरची. त्यांत पातळ शाईच नसते. टोनर नांवाची कोरडी भुकटी असते. विद्युद्भारित नळकांड्यावर प्रकाशानें अक्षर उमटतें, भुकटी तेवढ्याच जागीं चिकटते, तेथून कागदावर जाते आणि २०० अंशांच्या आसपास तापलेल्या लाटण्याखालीं वितळून पक्की होते. कोरडी वस्तु वाळणार कशी ? सहा महिन्यांनीं कळ दाबली तरी पहिलें पान स्वच्छ येतें. या विद्येचा मूळ प्रयोग चेस्टर कार्लसन यानें २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागांत, गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर केला. आजारी आईबापांचा भार लहानपणींच त्याच्या शिरावर आला होता, हें वाचून आम्हांस त्याच्याविषयीं विशेष आपलेपणा वाटला.

फाल्गुनांत आम्हीं काळ्याच छपाईचा, परंतु वर झेरॉक्सची कांच असलेला लेझर प्रिंटर घेतला. किंमत पहिल्याच्या जवळजवळ चौपट. तें जड खोकें घेऊन चौफुला, केडगांव, न्हावरें या वाटेनें शिरुरास निघालों. केडगांवांतून जातांना मुक्तिसदनाची आठवण झाली. तेथें पंडिता रमाबाईंनीं स्वतःचा छापखाना चालविला. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें त्यांचें बायबलचें मराठी भाषांतर तेथेंच आश्रमांतील स्त्रियांनीं खिळे जुळवून छापलें. १९२२ सालीं रमाबाई वारल्या, तत्पूर्वीं तें काम त्यांनीं पुरें केलें होतें. धर्माविषयीं त्यांचा व आमच्या घराण्याचा मार्ग निराळा. पण अनाथ स्त्रियांच्या हातीं खिळे देणारी ती संस्कृतज्ञ बाई आठवली आणि मांडीवरचें खोकें थोडें हलकें वाटलें.

घरीं मातुश्रींनीं यंत्राभोंवतीं एक फेरी घातली आणि विचारलें, "अरे, ह्या शाईंत चरबीबिरबी नाहीं ना ? मला ह्यावर स्तोत्रें छापावयाचीं आहेत." प्रश्न हंसण्यासारखा नाहीं. गेल्याच्या मागच्या शतकांत मुंबईस गणपत कृष्णाजींनीं धर्मग्रंथ व पंचांगें छापलीं, तेव्हां सोंवळ्याच्या लोकांसाठीं शाईंत चरबीऐवजीं तूप घातल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. आम्हीं सांगितलें, "आई, काळ्या टोनरमध्यें मुख्यतः प्लास्टिकची पूड आणि काजळी असते." "काजळी होय ! मग आमच्या आजोबांच्या पोथीचीच शाई कीं," असें म्हणून त्यांनीं परवानगी दिली.

झेरॉक्सची कांच हवी कीं नको, यावर बंधूंचा व आमचा वाद झाला होता. तीमुळें किंमत बरीच वाढते. आतां म्हणतों, वृद्धांसाठीं तीच मुख्य वस्तु. मातुश्रींचीं स्तोत्रांचीं पुस्तकें लहान, ए५ आकाराचीं. कांचेवर पुस्तक पालथें ठेवून आकडा १४१ टक्के केला, कीं तें पान बरोबर ए४ कागदावर भरून येतें. हा १४१ कोठून आला ? ए४ कागद २९७ मिलिमीटर लांब व २१० रुंद. हें प्रमाण दोनाच्या वर्गमूळाचें. जर्मनीनें १९२२ सालीं कागदाचें हें माप ठरविलें; पण त्या वर्गमूळाची किंमत दशांशाच्या पांच स्थळांपर्यंत अचूक येईल अशी रीत बौधायनाच्या शुल्बसूत्रांत वेदीच्या मापांसाठीं दिलेली आहे. चार ओळींत संपणारी गोष्ट आम्हीं मातुश्रींस अर्धा तास समजावून सांगितली. त्यांनीं शेवटीं विचारलें, "म्हणजे कोणती कळ दाबूं ?"

कळ हा महत्त्वाचाच भाग आहे. बोटाच्या स्पर्शानें पानें सरकणारा पडदा असलेलें यंत्र वृद्धांस देऊं नये. कोरड्या, थरथरत्या बोटास तो दाद देत नाहीं. दाबली कीं कट् वाजणारी कळ बरी. आम्हीं चालू-बंद करण्याच्या कळीवर लाल आणि झेरॉक्सच्या कळीवर पिंवळी टिकली चिकटविली. कांचेच्या कामास मोबाइलहि लागत नाहीं आणि वाय-फायहि. पत्रांस मात्र दोन्ही लागतात, म्हणून नुसत्या तारेनें जोडावयाचा प्रिंटर स्वस्त मिळाला तरी ज्या घरीं संगणक नाहीं तेथें तो घेऊं नये. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर जसाच्या तसा छापतां येत नाहीं, ही अडचण आली. पुतणीस कळविलें; तेव्हांपासून ती पत्र २२ मापाच्या अक्षरांत लिहून पीडीएफ करून पाठविते.

थोडें खर्चाविषयीं. टोनर किती पानें पुरतो याचा आकडा खोक्यावर असतो, सामान्यतः १००० पासून २५०० पर्यंत. परंतु तो पानाचा शेंकडा ५ भागच काळा होईल असें धरून काढलेला असतो. आमचीं मोठीं, जाड देवनागरी अक्षरें आणि वर शिरोरेखा, यांस त्याहून जास्त भुकटी लागते. यंत्राबरोबर मिळणारा पहिला टोनर पुष्कळदां अपुरा भरलेला असतो, हेंहि दुकानींच विचारून घ्यावें. लेझर प्रिंटर तापतांना एकदम फार वीज ओढतो. म्हणून तो घरच्या इन्व्हर्टरवर लावूं नये. वीज गेली तर पत्र थांबेल, बिघडत नाहीं. पावसाळ्यांत कागदाचा गठ्ठा उघडा ठेवला कीं दमट कागद वळतो व अडकतो. मातुश्रींनीं तो लोखंडी पेटींत, शालूंच्या शेजारीं ठेवला आहे.

परवां बंधूंचा फोन आला, तक्रारीचाच. भजनी मंडळांतील अकरा जणींस मातुश्रींनीं स्तोत्रांच्या मोठ्या अक्षरांच्या प्रती काढून वाटल्या, आणि कागद संपला. आम्हीं ५०० कागदांचे दोन गठ्ठे घेऊन ठेविले आहेत. रविवारीं शिरुरास जातों आहों.