वरातीमागून घोडं नको

मोठी खाण किंवा वीजप्रकल्प उभारायचा, तर २००६ च्या नियमानुसार पर्यावरण मंजुरी आधी घ्यावी लागते. पण मंजुरीविना काम सुरू केलेल्यांनाही ती नंतर देता येईल, अशा सूचना केंद्राने २०२१ मध्ये काढल्या. मुंबईची वनशक्ती संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ मे २०२५ ला सूचना रद्द झाल्या; १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेऊन फेरसुनावणी ठरली.

आपल्याला त्याचं काय? काम आधीच उरकलं, तर आपल्या मामा तलावाचं, धानाच्या बांधीचं म्हणणं ऐकणार कोण? म्हणून जनसुनावणीची नोटीस निघाली, की गटाच्या बैठकीत वाचा. किमान ३० दिवस मिळतात. जा, बोला, आपलं म्हणणं लिहूनही द्या.