मुलांनो, लांब होऊ नका, शिकून घ्या!

अपघात झाला की वडीलधारी माणसे आधी मुलांना बाजूला सारतात. त्यात काळजी असते, हे खरे. पण घरात आजोबा एकाएकी कोसळले आणि जवळ नववीतली नात एकटीच असेल, तर तिने काय करावे? हृदय बंद पडल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. बहुतेक ठिकाणी रुग्णवाहिका येण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ रुग्णाचा जीव जवळच्या माणसाच्या हाती असतो.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात डेरियन नावाचे सुमारे वीस हजार वस्तीचे गाव आहे. तेथील रुग्णवाहिका सेवा 'पोस्ट ५३' या नावाने ओळखली जाते. १९७० च्या सुमारास सुरू झालेल्या या सेवेचा बराचसा भार शाळकरी मुलेमुली वाहतात. रीतसर अभ्यासक्रम व परीक्षा झाल्यावर सोळा वर्षांची मुलेही रुग्णाची शुश्रूषा करतात. सोबत प्रशिक्षित प्रौढ असतातच. रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. त्या देशात अनेक अग्निशमन केंद्रांतही चौदा ते वीस वयोगटासाठी असे गट आहेत. मुले शिडी लावणे, पाण्याचा पाइप ओढणे, प्रथमोपचार शिकतात. जळत्या इमारतीत मात्र त्यांना शिरू देत नाहीत. जर्मनीत तर युवा अग्निशमन पथकांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे.

याचा फायदा काय? पहिला, मुलाची भीती जाते आणि हात सरावतात. दुसरा, हा पेशा आपल्याला झेपेल की नाही, हे लवकर कळते. रक्त पाहून घेरी येते, रात्रीची झोप मोडते, कधी प्रयत्न करूनही रुग्ण वाचत नाही. असा प्रसंग पाहिलेल्या मुलाला 'विसरून जा' म्हणू नये. त्याला मोकळेपणी बोलू द्यावे. झोप उडाली, जेवण तुटले तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आपल्याकडे मुलांना रुग्णवाहिकेवर पाठवण्याची सोय नाही. पण शिकण्याची आहे. स्काउट-गाइड, एन.सी.सी. आणि सेंट जॉन अँब्युलन्स यांतून प्रथमोपचार शिकता येतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे अनेक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. मुख्याध्यापकांनी त्या सुमारास जवळच्या अग्निशमन केंद्राला जरूर विनंती करावी.

पुढे हाच व्यवसाय करायचा असेल, तर दहावीनंतर मुंबईच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. वय, उंची, वजन यांच्या अटी आधी पाहाव्यात. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी घेता येते. बारावी विज्ञानानंतर तातडीच्या वैद्यकीय सेवेचे अभ्यासक्रमही आहेत.

तोवर प्रत्येक मुलाला एवढे तरी यावे :

• रुग्णवाहिकेसाठी १०८, आगीसाठी १०१, कोणत्याही संकटात ११२. पत्ता व जवळची खूण स्पष्ट सांगावी.

• भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये.

• कपड्यांनी पेट घेतल्यास पळू नये, जमिनीवर लोळावे.

• माणूस निपचित पडला असून नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबावे. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जायला हवी. हे मात्र प्रशिक्षकाकडून पुतळ्यावर शिकावे.

पालकहो, मूल पोहायला शिकावे म्हणून आपण त्याला पाण्यात उतरवतोच ना? तसेच हेही आहे. येत्या सुट्टीत शिकवणीच्या जोडीला प्रथमोपचाराचा वर्ग लावा. पहिला उपयोग कदाचित तुमच्याच घरी होईल.