आधी हात वाळू द्या

सॅनिटायझर लावलेला हात पुरता वाळला नसेल तर त्यावर ठेवलेला होस्ट चिकटतो. उचलायला जावं तर कपचा तळहातावरच राहतो आणि तोंडात दवाखान्याची कडू चव येते. करोनाच्या दिवसांत चर्चच्या रांगेतल्या माणसांना मी एकच गोष्ट सांगत असे, "आधी हात वाळू द्या, मग पुढे या." मेणबत्त्यांपाशी तर हे जास्तच सांगावं लागे. ओल्या सॅनिटायझरला ज्योत लागली तर भडका उडायला वेळ लागत नाही.

मी ठाण्यातल्या कोलशेतला राहते. नोकरीभर नर्स होते, निवृत्तीनंतर मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, कम्युनियनचे होस्ट वाटायला फादरांना मदत करते. होस्ट म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स. खमीर नाही, मीठ नाही. दहाच्या नाण्याहून जरा मोठी, कागदासारखी पातळ चकती. मिस्सात अर्पण झाली की आम्हा कॅथलिकांसाठी ती ख्रिस्ताचं शरीर. त्यामुळे तिचा कणही इकडेतिकडे पडू द्यायचा नाही. आणि नर्सचा हात सांगतो, जिथे दुसऱ्याची लाळ लागली तिथून आधी हात धू. जिभेवर कम्युनियन देताना बोटं कधी ना कधी ओठाला लागतातच.

इटलीत १८ मे २०२० पासून मिस्सा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा वाटणाऱ्यांना हातमोजे सक्तीचे होते. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. मोजा घातला की माणूस निर्धास्त होतो, आणि मळलेला मोजा मळलेल्या हातापेक्षा स्वच्छ नसतो. शिवाय मोज्याला चिकटलेल्या कणांचं करायचं काय? पुढे तिथेही मोज्यांची सक्ती गेली.

आमच्याकडे मार्चमध्ये सार्वजनिक मिस्सा थांबल्या. त्या वर्षीचा १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही मोबाइलच्या पडद्यावर केला. कम्युनियनच्या वेळी फक्त मनातल्या मनात प्रार्थना. बाहेर कोलशेत रोडवरून रुग्णवाहिका जायच्या. जवळच बाळकुमला जूनमध्ये महापालिकेचं १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. डिसेंबरात रात्री अकरापासून संचारबंदी, म्हणून नाताळची मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच उरकली.

चर्च उघडलं तेव्हा कम्युनियन फक्त हातावर. इथेच खरी अडचण होती. मूळची उत्तनची एक आजी माझ्या रांगेत यायची. जन्मभर जिभेवर घेतलेलं. माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "बाय, या हातांनी मी जन्मभर मासळी विकली. यांत देव घेऊ?" तिचे तळहात मला अजून दिसतात. सुरीचे जुने व्रण आणि बोटांची सांध्यातून वाकलेली टोकं. मिस्सा सुटल्यावर मी तिला सांगितलं, चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल नव्या ख्रिस्ती लोकांना हेच शिकवत होते. डावा हात उजव्याखाली आसनासारखा धरायचा आणि तळहातावर घ्यायचं. आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मधे कोणी बंद केलं?" हा प्रश्न तिने फादरांना विचारावा असं मी सुचवलं.

वाइनच्या चषकाचा प्रश्न आमच्याकडे फारसा आलाच नाही. लोकांना बहुधा नुसता होस्टच मिळतो, आणि एका होस्टमध्येही ख्रिस्त पुरता असतो अशी चर्चची शिकवण आहे. प्रोटेस्टंटांच्या प्रभुभोजनात मात्र प्याला महत्त्वाचा. काही मंडळींत प्रत्येकाला वेगळी छोटी पेली देतात. ही पद्धत अमेरिकेत १८९०च्या दशकात पसरली, जंतूंची ओळख झाल्यानंतर. वाइनमधल्या अल्कोहोलनेच जंतू मरतात असं म्हणणारे आजही भेटतात. वाइनमध्ये ते बारा-पंधरा टक्के, सॅनिटायझरला किमान साठ लागतं. हिशेब सोपा आहे.

पण माझं स्पष्ट मत आहे की आपण होस्टची जितकी काळजी केली तितकी हवेची केली नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण जमले होते, त्यांतले ५३ आजारी पडले, दोघे गेले. बंद खोली आणि मोकळ्या गळ्याने गाणं, एवढं पुरलं. आमच्याकडे सॅनिटायझरच्या बाटलीपाशी स्वयंसेवक उभा असे, वरच्या खिडक्यांच्या कड्या मात्र गंजलेल्याच. शेवटी मी स्टूल घेऊन स्वतः दोन उघडल्या. "ख्रिस्ताचे शरीर" आणि त्यावरचं "आमेन" समोरासमोर म्हणण्याऐवजी आधीच सगळ्यांनी एकदा म्हणावं आणि रांग मुकाट्याने पुढे सरकावी, हेही त्याच कारणासाठी.

आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या कॅथलिक, लोकांना उघड्यावरची प्रार्थना नवी नाही. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईच्या गावठाणांत जे क्रूस उभे राहिले, त्यांतले काही वांद्र्यात अजून दिसतात. लोक नवस बोलून तिथे जमत, रस्त्याच्या कडेला, वाऱ्यावर. हवेचा विचार त्यांनी केला नसेल, पण वारा लागत होता हे खरं.

निर्बंध उठले, तरी कितीतरी जण हातावरच घेतात. आजी पुन्हा जिभेवर घेऊ लागली. मध्यंतरी चर्चला एसी बसवायचा विषय कमिटीत निघाला, तेव्हा त्या वरच्या खिडक्या कायमच्या बंद होणार का, एवढंच मी विचारलं. पुढच्या मीटिंगला मला उत्तर हवंय.