अठरा पूर्ण झाल्यावर मुले जातात कुठे?



नाताळच्या अंकानंतर आलेल्या पत्रांत एक प्रश्न तीन-चार जणांनी विचारला आहे. "बालगृहातल्या लहान मुलांविषयी आम्ही वाचतो, त्यांच्यासाठी देतो. पण ती मोठी झाल्यावर कुठे जातात?" एका आजींनी तर पुढे असेही लिहिले आहे की, "त्यांच्या लग्नाला कोण उभं राहतं?" प्रश्न साधा आहे, उत्तर थोडे लांब आहे. म्हणून या अंकात तेवढ्यावरच लिहिते. लेखात कोणत्याही मुलाचे नाव किंवा गाव दिलेले नाही. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे, आणि मोठे झाल्यावर आपली गोष्ट कुणाला सांगायची हे त्यांनीच ठरवायचे असते.

प्रथम कायदा. बालगृहात मूल राहते ते बाल कल्याण समितीच्या आदेशाने. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत ती व्यक्ती 'बालक' असते. अठरा पूर्ण झाले की आदेशाची मुदत संपते आणि त्या मुलाला किंवा मुलीला बालगृहात ठेवता येत नाही. याच कायद्याचे कलम ४६ सांगते की अशा तरुणाला समाजात स्थिर होण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येईल. नियमांप्रमाणे ही मदत एकवीस वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, म्हणजे तेविसाव्या वर्षापर्यंत मिळते. मराठी कागदपत्रांत याला 'अनुरक्षण' म्हणतात. आम्ही कार्यकर्ते बोलताना आफ्टर केअरच म्हणतो.

कलमातला शब्द 'देता येईल' असा आहे, 'द्यावेच' असा नाही. म्हणून मागणी कुणीतरी करावी लागते, आणि वेळेवर करावी लागते.

२०१६ च्या आदर्श नियमांत या मदतीचे स्वरूप बरेच स्पष्ट केले आहे. सहा ते आठ तरुणांनी मिळून राहायचे घर, व्यवसाय प्रशिक्षण चालू असताना विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, स्वतःचा धंदा काढायचा तर कर्ज मिळवण्यास मदत, आणि नियमित संपर्कात राहणारा एक समुपदेशक. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. हे पैसे थेट त्या तरुणाच्या खात्यात जातात. मुलाने बालगृह सोडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा समाजकार्यकर्त्याने पुढचा आराखडा करून समितीपुढे ठेवायचा असतो.

दोन महिने! माझ्या मते काम सोळाव्या वर्षी सुरू व्हायला हवे. याचे एक कारण आपल्या भागात फार ठळक दिसते. पाड्यांवरच्या अनेक मुलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून असते. जन्माची नोंद नसली की पूर्वी गुरुजी शाळेत घालताना हीच तारीख लिहीत. त्यामुळे आमच्याकडची बरीच मुले एकाच दिवशी कायद्याने मोठी होतात. तो दिवसही नेमका बारावीचा निकाल लागलेला, प्रवेशाची धावपळ चालू आणि पाऊस तोंडावर, असा येतो. ज्या आठवड्यात मुलाला अर्ज भरायचे, दाखले गोळा करायचे, त्याच आठवड्यात त्याची पेटी बाहेर काढायची वेळ येते.

इथे एक फरक सांगणे गरजेचे आहे, कारण आपल्या मंडळ्यांतही त्याबाबत गोंधळ असतो. आपण ज्यांना सर्रास 'बोर्डिंगची मुले' म्हणतो ती सगळी कायद्याच्या अर्थाने बालगृहातली नसतात. आईवडील वीटभट्टीवर जातात म्हणून मिशनच्या वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत राहिलेल्या मुलाविषयी समितीचा आदेश नसेल, तर त्याला कलम ४६ लागू होत नाही. त्याच्यासाठी आदिवासी विकास विभागाचा रस्ता आहे. शासकीय वसतिगृह, तिथे जागा नसेल तर भोजन, निवास व निर्वाहाचा खर्च खात्यात देणारी स्वयम योजना, आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. यासाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी संपर्क ठेवावा लागतो. डहाणू, जव्हार, कळवण, तळोदा अशी ही कार्यालये आपल्या कामाच्या भागातच आहेत.

रस्ता कोणताही असो, वाटेत कागद आडवा येतो. आमचा निम्मा वेळ यात जातो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आधार कार्ड, बँक खाते, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, हे सारे घरात राहणाऱ्या मुलाला वडिलांच्या रेशनकार्डाच्या आधाराने मिळते. बालगृहातल्या मुलाचे नाव कुठल्याच रेशनकार्डावर नसते. बँक खाते अधीक्षकांच्या पालकत्वाखाली उघडलेले असते. अठरा पूर्ण झाले की नवी सही, नवा फोटो आणि नव्याने केवायसी लागते, ती होईपर्यंत व्यवहार थांबतात. म्हणजे योजनेचे पैसे मंजूर आणि खाते बंद! एका मुलीला बँकेत विचारले गेले, "कायमचा पत्ता काय?" तिने बालगृहाचा पत्ता सांगितला. "तिथे तर आता तुम्ही राहत नाही ना?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी आमच्यातल्या एका सेवानिवृत्त शिक्षकांनी आपल्या घराचा पत्ता दिला, तेव्हा काम पुढे सरकले.

पण खरा डोंगर जात पडताळणीचा. अनुसूचित जमातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. मात्र इंजिनिअरिंग, नर्सिंग यांसारख्या अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी किंवा सरकारी नोकरीसाठी वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रातले असल्याचा आणि त्या जमातीचे असल्याचा पुरावा द्यायचा असतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे जुने कागद, किंवा वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला मिळालेली वैधता. आता कातकरी कुटुंबाचा विचार करा. केंद्र सरकार ज्या जमातींना विशेष असुरक्षित मानते त्यांत महाराष्ट्रातल्या तीन आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कातकऱ्याच्या नावावर बहुधा जमीन नाही, आजोबा शाळेत गेले नाहीत, बाप दिवाळीनंतर भट्टीवर आणि पावसाळ्यात गावी. त्या घरातले मूल सहाव्या वर्षी बालगृहात आले तर अठराव्या वर्षी त्याने आजोबांचा कागद कुठून आणायचा?

आमच्या एका मुलासाठी आम्ही वडिलांच्या गावी चार खेपा घातल्या. वडील वारलेले, आई दुसरीकडे गेलेली. शेवटी चुलत आजोबांचा एक नातू सापडला. त्याची वैधता झालेली होती. वंशावळ लिहून, प्रतिज्ञापत्र करून अर्ज दिला. मग दक्षता पथकाची चौकशी आली. त्यात जमातीच्या चालीरीती, देवदेवता, बोली याविषयी विचारतात. त्याला आप्तभाव चाचणी म्हणतात. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "ताई, तुमच्यात लग्नात काय काय करतात, असं विचारलं. मी आमच्यातलं एकही लग्न बघितलेलं नाही."

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की ही चाचणी म्हणजे निर्णायक कसोटी नव्हे. त्या मुलाचे कामही नातेवाइकाच्या वैधतेवर झाले. पण त्याचे वाक्य मी आमच्या प्रत्येक बैठकीत सांगते. सुट्टीत मूल पाड्यावर जाऊन यावे, काकाच्या घरच्या लग्नाला जावे, बोली विसरू नये, ही गोष्ट भावनेपुरती नाही. त्याचा पुढचा हक्क त्यावर उभा असतो. आणि कुणी विचारेल म्हणून सांगते: अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. तशी अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. आपल्याकडे या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि घाबरून लोक अर्जच करत नाहीत.

ज्यांचे आईवडील दोघेही नाहीत, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात आणखी एक दार उघडले आहे. अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे या तरुणीने स्पर्धा परीक्षेत पुरेसे गुण मिळवले होते, पण नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आणणार कुठून? ते आईवडिलांच्या उत्पन्नावर मिळते. तिने हा प्रश्न सरकारपुढे नेला आणि २०१८ मध्ये शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आले. त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत मागावे लागते. आमच्या अनुभवात मात्र बालगृहातल्या बहुतेक मुलांचे एक पालक हयात असते, कुठे आहे ते ठाऊक नसले तरी. त्यांना याचा उपयोग होत नाही.

सरकारी योजनांविषयी तक्रार करायला हा लेख नाही. चार हजार रुपये वेळेवर आले तर नाशिकसारख्या शहरात कॉट आणि खाणावळ यांचा बराच भार उचलतात. माझे म्हणणे एवढेच की योजना खात्यात पैसे टाकू शकते, पण दिवाळीला कॉलेजचे वसतिगृह बंद होते तेव्हा ते आठ-दहा दिवस कुठे काढायचे, हे ती सांगू शकत नाही. आमच्या एका मुलीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन होते. ती सज्ञान, स्वतः सही करू शकत होती. तरी काउंटरवरचा पहिला प्रश्न होता, "बरोबर कोण आहे?" खोली भाड्याने घेताना हेच, नोकरीला लागताना हेच.

काही गोष्टी तर फारच बारीक असतात. बालगृहात वाढलेल्या मुलींना पन्नास जणांची डाळ करता येते, एकटीपुरती येत नाही. गॅस सिलिंडर कसा लावायचा, विजेचे बिल कुठे भरायचे, पहिल्या पगारातून किती बाजूला ठेवायचे, हे घरात मूल बघून शिकते. संस्थेत घंटा वाजली की जेवण येते. म्हणून आम्ही सोळाव्या वर्षापासून मुलांना आठवड्यातून एकदा बाजार करायला पाठवतो, तेही पैसे मोजून हातात देऊन. पहिल्यांदा एकाने सगळ्या पैशांचे बटाटे आणले. हसलो, आणि आठवडाभर बटाटेच खाल्ले.

आजींच्या प्रश्नाचेही उत्तर देते. मागच्या वर्षी आमच्या एका मुलीचे लग्न झाले, तेव्हा मंडळीतले एक जोडपे तिच्या बाजूने उभे राहिले. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत ती तीन वर्षे त्यांच्याकडेच राहत होती. त्यांनी तिला दत्तक घेतलेले नाही, मोठी रक्कमही दिलेली नाही. तिच्या कॉलेजच्या फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून नाव दिले आणि फोन उचलत राहिले.

आता यंदाची निकड. येत्या १ जूनला आमच्या बालगृहातील पाच जण अठरा पूर्ण करत आहेत. दोन मुलींना नर्सिंगला जायचे आहे. त्यांपैकी एकीची जात वैधता बाकी आहे आणि तिच्या वडिलांच्या तालुक्यातली जुनी शाळा-रजिस्टरे पाहू शकेल अशा निवृत्त शिक्षकाची आम्हाला गरज आहे. एक मुलगा आयटीआयला वायरमनचा कोर्स करणार आहे. त्याला सातपूर किंवा अंबड भागात राहायला जागा हवी. एकाला मोखाड्यालाच राहून मामाबरोबर शेती करायची आहे. त्याच्यासाठी फक्त बँकेचे आणि आधारचे काम उरले आहे. पाचवी मुलगी अजून काय करायचे ते ठरवू शकलेली नाही. तिला कुणी घाई करू नये असे मला वाटते. तिच्या अनुरक्षणाचा अर्ज आम्ही समितीपुढे ठेवला आहे. तोवर मे महिन्यात तिला आपल्या घरी ठेवून घेणारे कुटुंब असेल तर आपल्या पाळकांमार्फत एप्रिल संपण्यापूर्वी कळवावे. कुटुंबाची भेट आणि चौकशी आम्ही करू, त्याचा राग मानू नये.