धुराचा निरोप

वडाळ्याच्या आपल्या जुन्या इमारतींत बाग म्हणजे खिडकीची जाळी. तिच्यात तुळस, मिरची, पुदिना, फार तर एखादं मनीप्लँट. परवा धाकटीने विचारलं, "आजोबा, खोलीत कुणी सिगारेट ओढली, तर झाडाला ठसका लागतो का हो?"

बाळांनो, ठसका लागायला घसा हवा, तो झाडाला नाही. पण पानाच्या पाठीवर हजारो बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. हवा तिथूनच आत जाते आणि हवेबरोबर धुरातले वायूही शिरतात. त्यांतला एक आहे इथिलीन. त्याची गोष्ट ऐकाच.

1865 साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. दगडी कोळशापासून तो गॅस व्हायचा आपल्या शेजारीच, लालबाग-परळला. लालबागची गॅस कंपनी गल्ली तुम्ही पाहिली आहे ना, ते नाव तिथलं. असे दिवे युरोपातल्या शहरांतही होते आणि तिथे लोकांना एक कोडं पडलं होतं. जमिनीखालची गॅसची नळी जिथे गळे, तिथली झाडं अवेळीच पानं गाळत. मग रशियात, सेंट पीटर्सबर्गला, दिमित्री नेल्युबोव नावाच्या तरुणाने पाहिलं, की प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेले वाटाण्याचे कोंब सरळ वर न जाता आखूड, जाड होऊन आडवे पसरतात. बाहेरची स्वच्छ हवा दिली, की तेच कोंब सरळ. खोलीतल्या दिव्याच्या गॅसमधला इथिलीनच हे घडवतो, हे त्याने 1901 मध्ये मांडलं.

आणि खरी नवलाई पुढेच आहे. इथिलीन झाड स्वतःही तयार करतं! फळ पिकव, म्हातारं पान गाळ, असे निरोप ते या वायूकडूनच आपल्या अवयवांना धाडतं. अढीतला एक आंबा पिकू लागला की शेजारचेही पिकतात, ते यामुळेच. केळ्यांच्या घडांना धुरी देऊन पिकवणाऱ्या आपल्या माणसांना इथिलीनचं नाव ठाऊक नव्हतं, पण धुराचा हा गुण त्यांनी बरोबर हेरला होता. सिगारेटच्या धुरातही हाच वायू असतो. म्हणजे झाडाला खोटा निरोप पोचतो. खिडकी उघडी असली, वारा खेळता असला, तर तो विरून जातो. एका सिगारेटने मनीप्लँट मरत नाही. कोंदट खोलीत रोज पाकीटच्या पाकीट संपत असेल, तर मात्र नाजूक फुलझाडांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. पानांवर चिकट थर बसतो तो निराळा. तो ओल्या फडक्याने पुसावा.

मला मात्र धुरापेक्षा बोटांची काळजी जास्त वाटते. तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणारा एक रोग आहे. 1898 मध्ये हॉलंडच्या बायरिंकने रोगी पानांचा रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की जिवाणूही अडून राहावेत. तरी त्या रसाने निरोगी झाड आजारी पडलं! तो होता विषाणू. वाळलेल्या तंबाखूतही तो वर्षानुवर्षं टिकतो. सिगारेट धरलेली बोटं, तंबाखू मळलेला तळहात मिरचीच्या किंवा टोमॅटोच्या रोपाला लागला, की बारीकशा ओरखड्यातूनही तो आत शिरतो. रोपाला एकदा लागण झाली की औषध नाही. आपल्या गिरणगावात तंबाखू मळणारे हात काय कमी होते? म्हणून सांगतो, आधी साबणाने हात धुवा, मग रोपाला शिवा.

थोटकं तर कुंडीत मुळीच विझवू नयेत. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवून दिलं, की मातीत मिसळलेल्या तंबाखूतलं निकोटिन पुदिना मुळांवाटे शोषून घेतो, आणि सिगारेटच्या धुरातलंही घेतो. झाड वरून हिरवंगार दिसतं, निकोटिन मात्र पानांत असतं. आपण त्याच पानांची चटणी वाटतो.